‘तू आता पलीकडची’

काका, नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. सहा वर्षं एका दैनिकाची तालुका प्रतिनिधी होते. गेल्या वर्षी खाडीकाठच्या एका मासळी प्रक्रिया कंपनीत जनसंपर्क अधिकारी म्हणून लागले. पगार महिन्याच्या महिन्याला येतो, याचंच आधी अप्रूप वाटलं. ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली, कंपनी सुरू झाली आणि लगेचच खाडीत घाण पाणी सोडल्याची तक्रार झाली. सांडपाण्याच्या टाकीवरचा पंप बंद पडला होता. तो कुरकुरतोय हे मॅनेजरना दोन दिवस आधीपासून माहीत होतं. साहेब म्हणाले, ‘पावसाचं पाणी होतं म्हणून सांग.’ मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची परवानगी नव्हती. मी फोन सायलेंटवर टाकला. फोन करत होता तो माझा जुना सहकारी.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, शेवटची ओळ ‘कंपनीकडून प्रतिसाद मिळाला नाही’. साहेब म्हणाले, ‘तुझे मित्र ना हे? मग तुला घेतलं कशाला?’ आता त्या पेपरच्या जाहिराती बंद करतो म्हणताहेत. मित्र भेटला तर म्हणाला, ‘काय गो, तू आता पलीकडची. तुला काय विचारायचं?’ पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही मला काढलंय. प्रदूषण मंडळाने नमुने नेलेत, अहवाल यायचाय. कधी वाटतं पंपाचं सगळं मित्राला सांगून टाकावं, म्हणजे त्याला कळेल मी विकली गेलेली नाही. कधी वाटतं नोकरीच सोडावी. काय करू? आणि मला अहो-जाहो नको, तू म्हणा.

— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

बरं, तू म्हणतो.

आधी तातडीचं सांगतो, बाकीचं सावकाश. पंपाचं प्रकरण मित्राच्या कानात घालू नकोस. निदान ज्या कारणासाठी सांगायचं म्हणतेस, त्या कारणासाठी तरी नकोच. खाडीची काळजी असेल तर तिला वेगळा रस्ता आहे, त्याच्याकडे येतोच. पण ‘मी अजून तुमच्यातलीच’ हे पटवायला आतली माहिती दिलीस, तर तो ती छापेल, कारण ते त्याचं कामच आहे. आणि त्या दिवसापासून त्याच्या लेखी तू मैत्रीण नसशील, ‘सूत्र’ असशील. सूत्राला मान नसतो. सूत्राला रात्री अकरा वाजता फोन असतो.

आता तुला जे लागलंय त्याबद्दल. तुझ्या मित्राने जे ऐकवलं ते त्याच्या डोक्यातून आलेलं नाही. हे कुंपण फार जुनं आहे आणि त्याच्यावर जगभर मोजमापही झालंय. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७५ साली क्रेग अ‍ॅरोनॉफ या अभ्यासकाने पत्रकार आणि जनसंपर्कवाले या दोघांनाही विचारलं, की बातमीत महत्त्वाचं काय ते क्रमाने लावा: अचूकपणा, वाचकाला त्यात रस असणं, आपल्या माणसाची बाजू चांगली दिसणं, अशा गोष्टी. दोघांचे क्रम जवळजवळ सारखे आले. मग पत्रकारांना विचारलं, समोरचा कसा क्रम लावेल? तर त्यांनी लावलेला क्रम भलताच निघाला. समोरच्याला बातमी कळतच नाही, त्याला फक्त मालकाचं कौतुक हवं असतं, अशी त्यांची खात्री होती. पुढे १९८४ मध्ये फ्लोरिडातल्या संपादकांचं पाहिलं, तेव्हाही थोड्याफार फरकाने हेच दिसलं. तू सहा वर्षं ज्या नजरेने बातमी बघितलीस ती नजर नोकरी बदलली म्हणून पुसली गेली नाही. पण मित्राने ती पुसली गेली असं धरून टाकलंय.

मला त्याहून आवडतो तो १९७७ चा डेनिस जेफर्स यांचा अभ्यास. त्यात पत्रकारांनी जनसंपर्कवाल्यांना सरसकट आपल्यापेक्षा खालचं ठरवलं. पण ज्या जनसंपर्कवाल्याशी त्यांचं रोजचं काम पडायचं, ज्याला ते ओळखायचे, त्याला मात्र बरोबरीचा मानलं. म्हणजे तिरस्कार जमातीबद्दल, माणसाबद्दल नव्हे. यात तुझ्यासाठी आशा आहे, पण ती जुन्या ओळखीच्या भरवशावर नाही. तू पूर्वी कोण होतीस याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. आता फोन लावल्यावर तू काय करतेस एवढंच बघितलं जाईल.

पत्रकारांचा हा आकस येतो कुठून? मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, तिथलं सांगतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास मुंबईच्या जनसंपर्क एजन्सीचा मेल यायचा, कुठल्यातरी कंपनीचं प्रसिद्धिपत्रक, म्हणजे ‘रिलीज’ घेऊन. आत पीडीएफ. वर कंपनीचं भलंमोठं बोधचिन्ह, आणि मजकूर अशा फॉन्टात की कॉपी करून चिकटवला तर नुसते कंस आणि टिंबं. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की’. मग अध्यक्ष, कार्यकारी संचालक, त्यांची दूरदृष्टी. कार्यक्रम कुठे आणि कधी झाला ते शेवटून दुसऱ्या ओळीत. सोबत फोटो: मध्ये समई, दोन्ही बाजूंना मिळून चौदा माणसं आणि नाव एकाचंही नाही. साडेसहाला फोन, ‘सर, रिलीज मिळाली का? कधी लावताय?’ त्या वेळी आंबा घाटात दरड आलेली असायची, वार्ताहर तिथून फोनवर मजकूर सांगत असायचा आणि पान सोडायला अर्धा तास उरलेला असायचा. अशा वेळी माणूस जनसंपर्क या व्यवसायाबद्दल काय मत बनवेल?

आणि गंमत म्हणजे ती रिलीज लागायचीच. सोमवारच्या अंकात, सणाच्या दुसऱ्या दिवशी, जिथे जागा रिकामी राहील तिथे. ब्रिटनमध्ये २००६ साली कार्डिफ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाच राष्ट्रीय दैनिकांच्या बातम्या तपासल्या, तर त्यातल्या १९ टक्के बातम्या पूर्णपणे किंवा मुख्यतः जनसंपर्काच्या मजकुरावरून उभ्या केलेल्या निघाल्या. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी जिल्हा पान कशाने भरतं ते तू स्वतः भरलेलं आहेस. जिल्हा माहिती कार्यालयाकडून येणारं वृत्त तर शीर्षक बदलून जसंच्या तसं जातं. ते कार्यालय माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं, म्हणजे सरकारचा जनसंपर्कच तो. पण तिथल्या अधिकाऱ्याला तुझा मित्र ‘पलीकडचा’ म्हणत नाही. त्याच्याकडे बसून चहा पितो, अधिस्वीकृती पत्रिकेचं, म्हणजे पत्रकारांच्या सरकारी ओळखपत्राचं, कुठवर आलं ते विचारतो. ज्याच्यावाचून पान निघत नाही त्याच्याबद्दल जरा जास्तच वाईट बोललं जातं, हा आपल्या व्यवसायाचा स्वभाव आहे. तूही बोलली असशील.

तरीही कोकणातल्या बातमीदाराच्या संशयाला नुसता अहंकार म्हणून झटकू नकोस. इथे त्याला कारणं आहेत. गुहागरला एन्रॉन ही अमेरिकी कंपनी दाभोळ वीजप्रकल्प घेऊन आली तेव्हा तू लहान असशील. १९९५ मध्ये त्या कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सांगितलं, की दाभोळ प्रकल्पासाठी लोकांना ‘शिक्षित’ करण्यावर आणि प्रकल्प जुळवून आणण्याच्या प्रक्रियेवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. प्रत्यक्ष प्रकल्पाचा खर्च वेगळा. हे शिक्षण नेमकं कोणाला दिलं, असं विचारत इथे केवढं रान उठलं होतं! त्यानंतर जैतापूरच्या अणुप्रकल्पाचं झालं, नाणारच्या आणि मग बारसूच्या रिफायनरीचं झालं. प्रत्येक वेळी गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रकं आली, रोजगाराचे आकडे आले, आणि ते आकडे कुठून काढले असं विचारणाऱ्या वार्ताहराला विकासविरोधी ठरवलं गेलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरीच्या बाजूने उभ्या असलेल्या एका माणसाबद्दलची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला तो त्याच माणसावर.

तुझ्या मासळीच्या कंपनीचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मलाही कळतं. पण तालुक्यात एकट्याने दुचाकीवर फिरणाऱ्या बातमीदाराला ‘कंपनीचं माणूस’ म्हटल्यावर आधी काय आठवतं, तेवढं ध्यानात ठेव. त्याच्या बोलण्यातला थोडा कडवटपणा तुझ्यासाठी नव्हताच.

आता तुझे साहेब. ते पत्रकारांना काय समजतात ते तुझ्या पत्रात एका ओळीत आलंय: जाहिराती बंद करतो. त्यांच्या हिशेबात पेपर म्हणजे पैसे घेऊन गप्प बसणारी वस्तू, आणि तू म्हणजे ती वस्तू स्वस्तात मिळवून देणारी ओळख. राग येतो, पण हा समज त्यांना दिला कोणी? आपणच दिला. तालुका प्रतिनिधीचं मानधन पेट्रोलला पुरलं तर नशीब, बाकी सगळं जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी, पंधरा ऑगस्ट, गणपती, आमदारांचा वाढदिवस, दिवाळी. सकाळी ज्याला प्रतिक्रिया विचारायची त्याच्याकडेच दुपारी पाव पान मागायचं. प्रतिक्रियेचा फोन आणि जाहिरातीचा फोन एकाच नंबरवरून येत असेल तर उद्योजकाने दोन्हींची सांगड घातली तर नवल काय? वर २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, एवढा बोभाटा झाला की प्रेस कौन्सिलला २०१० मध्ये त्यावर अहवाल करावा लागला. जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगळी ओळखू आली पाहिजे, असं कौन्सिलचे नियम सांगतात. तालुक्याला मात्र आजही ‘सौजन्य’ एवढा एक शब्द कोपऱ्यात टाकून भागवलं जातं.

जनसंपर्काच्या धंद्याचा एक मूळपुरुष मानला जातो तो आयव्ही ली. तोही तुझ्यासारखाच, आधी न्यूयॉर्कमध्ये बातमीदार होता. १९०६ मध्ये त्याने संपादकांना पत्रक धाडलं: आमचं काम उघड्यावर चालतं, आणि आमचा मजकूर तुमच्या जाहिरात खात्याकडे जायला हवा असं तुम्हाला वाटलं तर तो वापरू नका. आज कोणा पीआरओने, म्हणजे जनसंपर्क अधिकाऱ्याने, असं लिहिलं तर त्याचे साहेब त्याला त्याच दिवशी घरी पाठवतील. पण याच लीने १९१४ च्या कोलोरॅडोतल्या खाणकामगारांच्या संपात मालकांनी पुरवलेली माहिती न तपासता छापून वाटली. ती चुकीची निघाली, आणि त्याला ‘पॉयझन आयव्ही’ हे एका विषारी वेलीचं नाव चिकटलं ते आजतागायत. मालकाने सांगितलं ते तपासायचं राहिलं, एवढ्यावरून. तुझ्यापुढचं ‘पावसाचं पाणी’ त्याच जातीचं आहे. तू ते बोलली नाहीस हे फार चांगलं केलंस.

पण फोन सायलेंटवर टाकलास तिथे मात्र घोळ केलास, आणि सगळं बिनसलं ते तिथे. खोटं बोलणं आणि सगळं सांगून टाकणं यांच्या मध्ये बरीच जागा असते. जनसंपर्कवाल्याचा पगार त्या जागेसाठीच असतो. त्या संध्याकाळी काय करता आलं असतं ते बघ. पाचला फोन आला. उचलायचा. ‘तक्रार कळली आहे, माहिती घेतेय. तुझं पान कधी सोडतात?’ साडेसहा म्हणाला, तर सव्वासहाला स्वतःहून फोन करायचा. मधल्या वेळात प्लांटवर जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी टाकी बघायची, मॅनेजरला समोर बसवून चारच प्रश्न: काय झालं, केव्हा कळलं, आत्ता पाणी थांबलंय का, मंडळाला कळवलं का. मग साहेबांकडे जाऊन एवढा मजकूर मंजूर करून घ्यायचा:

‘सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला एक पंप आज बंद पडला आणि काही पाणी नाल्यातून खाडीत गेलं. ते लक्षात येताच आम्ही उत्पादन थांबवलं. पंपाच्या देखभालीत कुठे कसूर झाली का, याची चौकशी सुरू आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे नमुने नेले आहेत; अहवाल आल्यावर तो आम्ही जाहीर करू.’

यातला शब्द न् शब्द खरा असेल तरच द्यायचा. उत्पादन थांबवलं नसेल तर ते वाक्य काढायचं, किंवा त्याहून बरं, आधी उत्पादन थांबवायला लावायचं. तिसरं वाक्य साहेबांच्या घशाखाली उतरणार नाही, तिथे वाद घाल. दोन दिवस आधीचं आज ना उद्या बाहेर येणारच आहे. मंजुरी मिळालीच नाही तरीही फोन करायचा आणि सांगायचं, ‘आज मला बोलायची परवानगी नाही, उद्या सकाळी पुन्हा बोलू.’ बातमी तेव्हाही आली असती. पण तिची शेवटची ओळ वेगळी असती, आणि मित्राला तू फोन उचलणारी वाटली असतीस.

पावसाच्या पाण्याचं तर कोणी ऐकूनच घेतलं नसतं. खाडीत जाळी लावणाऱ्याला पावसाचं पाणी आणि मासळी धुतलेलं पाणी यातला फरक मंडळाच्या अहवालाआधी नाकाने कळतो. साहेबांना हे याच शब्दांत सांग.

साहेबांशी बोलायचंय ते असं. वेळ मागून घे, उभ्या उभ्या नको. पहिलं म्हणजे, तुझ्या ओळखीमुळे काय मिळेल आणि काय नाही ते स्पष्ट कर. ओळख आहे म्हणजे तुझा फोन उचलला जाईल आणि बातमीत कंपनीचं म्हणणं येईल. ओळखीने बातमी थांबत नाही, आणि थांबवता येते असं सांगणारा कोणी भेटला तर तो त्यांच्याकडून दुसऱ्याच कशाचे तरी पैसे घेणार आहे. दुसरं, काही बिघडलं की बाहेरच्यांच्या आधी तुला कळलं पाहिजे. वार्ताहराच्या फोनवरून आपल्याच कंपनीची बातमी कळणारा पीआरओ ठेवण्यात पैसे वाया जातात. आणि ‘अजून माहिती नाही’ हे तीन शब्द बोलायला तुला दर वेळी परवानगी मागावी लागू नये.

जाहिरातींचं प्रकरण तुझ्या टेबलावरून पूर्ण काढून टाक. वर्षाचं जाहिरातीचं बजेट हिशेबखात्याने ठरवावं, कोणत्या अंकाला किती ते त्यांनीच बघावं, आणि प्रतिनिधी जाहिरात मागायला आला की त्याला तिकडे धाडावं. बातमी आली म्हणून बंद नाही, बातमी आली नाही म्हणून वाढीव नाही. जाहिरात तोडल्याने वठणीवर येतो तो छोटा प्रतिनिधी, ज्याचं कमिशन बुडतं. मग तो तुमच्याबद्दल चांगलंही लिहीत नाही, आणि ते प्रकरण यूट्यूबवाल्याच्या हातात देतो, ज्याला तुमच्या जाहिरातीची गरजच नसते. हा व्यवहार साहेबांना कळेल. नीतीच्या गोष्टींपेक्षा लवकर कळेल.

तसंच ६ जानेवारीचं. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, ‘दर्पण’ त्यांनी १८३२ मध्ये त्या तारखेला सुरू केलं, म्हणून आपल्याकडे तालुक्यातालुक्यात पत्रकार दिन होतो आणि आजूबाजूच्या कंपन्यांकडे निरोप जातो. हॉल दे, चहा-नाश्ता दे, डायरी दे. पाकीट देऊ नकोस, कोणी मागितलं तरी नको आणि साहेबांनी दिलं तरी त्याच्यासोबत तुझा हात जाऊ देऊ नकोस. एकदा तुझ्या हातून पाकीट गेलं की पुढच्या प्रत्येक खऱ्या खुलाशाची किंमत त्या पाकिटात मोजली जाईल.

आता खाडीकडे येतो, कारण खरा प्रश्न तो आहे. मॅनेजरना दोन दिवस आधी माहीत होतं, हे तुला माहीत आहे. मग ते तुझ्या पोटात राहता कामा नये. साहेबांना ईमेल कर: कोणत्या तारखेला पंपाची तक्रार होती, कधी बंद पडला, दुरुस्ती झाली का, जोडीला दुसरा पंप घेणार का. भाषा साधी ठेव, आरोप नको. प्रत स्वतःजवळ ठेव. बहुतेक वेळा लेखी आलं की पंप दुरुस्त होतो, हा माझा अनुभव आहे. उद्योजक पत्रकाराला भितात त्यापेक्षा कागदाला जास्त भितात. पंप बसला, मंडळाला खरं सांगितलं गेलं, तर तुझं काम झालं. पण उलट तुला सांगण्यात आलं की मंडळापासून लपव, किंवा रात्री मुद्दाम पाणी सोडलं जातंय असं दिसलं, तर तिथे जनसंपर्काचा प्रश्न संपतो. मग मंडळाकडे लेखी तक्रार कर, नोकरी सोड, आणि त्यानंतर पत्रकाराशी बोलायचं तर नाव द्यायचं की नाही हे बोलण्याआधी ठरवून बोल. बोलून झाल्यावर ‘हे ऑफ द रेकॉर्ड हं’ म्हणणाऱ्यांना तू स्वतः काय म्हणायचीस ते आठव.

मित्राला भेट. ग्रुपवर नाही, फोनवर नाही, समोर. टपरीवर भेटलात तर आपापला चहा आपण द्या. त्याला सांग, ‘त्या दिवशी मी फोन उचलला नाही, ते चुकलं. यापुढे उचलेन. सांगता येईल ते सांगेन, सांगता येणार नाही ते येणार नाही म्हणेन, खोटं सांगणार नाही.’ एवढंच बोल आणि थांब. साहेब कसे आहेत, तुझी कशी कुचंबणा होते, हे सांगत बसू नकोस. मैत्रीण म्हणून सांगशील, तो वार्ताहर म्हणून ऐकेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. त्याने लिहिलेलं छापण्याआधी वाचायला मागू नकोस; आकडे बरोबर आहेत ना एवढं विचारायला हरकत नाही. बातमीत चूक झालीच, तर आधी त्याला सांग, मग संपादकांना खुलासा पाठव. जाहिरात विभागाला फोन करून दबाव आणलास तर ते त्याला अर्ध्या तासात कळेल.

ग्रुपचं मात्र तुला आवडणार नाही असं सांगतो. तुला काढलं ते बरोबरच केलं. त्या ग्रुपवर उद्या कोणाची बातमी येणार, कोण कुठे निघालंय, सगळं उघड चालतं. तू तिथे राहिली असतीस तर पहिल्याच अडचणीच्या दिवशी साहेबांनी तुझा फोन मागितला असता. तुझ्यासाठीही ते बरं झालं.

नोकरी सोडायची का? आत्ता नको. पगाराला लाजू नकोस. वेळेवर पगार मिळणं हा गुन्हा नाही, आणि तालुका प्रतिनिधीला तो मिळत नाही ही वर्तमानपत्रांची लाज आहे, तुझी नव्हे. परत बातमीदारीत जावंसं वाटलं तर जा, पण मित्राला पटवायला म्हणून जाऊ नकोस. तिथेही महिन्याभरात कोणीतरी तुला ‘कंपनीची’ म्हणेलच.

उरला अहवाल. तो येण्याआधी पंप बदलला गेला तर बघ. आणि साहेबांशी बोलशील त्याच बैठकीत कबूल करून घे, की अहवाल आला की त्याच दिवशी दुपारी चारच्या आत तो सगळ्या प्रतिनिधींना एकाच वेळी जाईल, साध्या युनिकोड मजकुरात, सोबत मॅनेजरचा नंबर, आणि मॅनेजर फोन उचलतील. मित्राला पाच मिनिटंही आधी नाही. तो चिडेल, चिडू दे. आकडे वाईट आले तरी हेच करायचं, हेही आजच कबूल करून घे. वाईट आकडे हातात आल्यावर ते कबूल होणार नाहीत.